दुकानात टीव्ही लावताय? आधी त्यावर रोज कोण लिहिणार ते ठरवा

आजच्या व्याख्यानाचा विषय आहे, घरगुती टीव्हीचा दुकानात, दवाखान्यात, आडतीवर माहितीचा फलक म्हणून वापर. निलंग्यात आता बसस्थानकापासून बाजारपेठेकडे चालत निघालं तर दर काही दुकानांमागे एक टीव्ही भिंतीवर दिसतो. काहींवर भाव चालू असतात, काहींवर गाणी, काहींवर कंपनीचीच जाहिरात, आणि बरेचसे बंद असतात. पंचवीस-तीस हजारांची वस्तू भिंतीवर लटकून धूळ खात असेल तर ते पैसे कुठे चुकले, हे समजून घ्यायला हवं. आम्ही हे संच बसवायचं आणि दुरुस्त करायचं काम करतो, म्हणून आज त्याबद्दलच बोलू. कुठल्या कंपनीचा घ्यावा हे आम्ही सांगणार नाही. तो घ्यावा का, घेतला तर कुठे लावावा, आणि त्यावर काय लिहावं, एवढंच बघू.

टीव्ही म्हणजे वीज लागणारा फळा

दुकानाबाहेर माहिती लावायची आपली रीत जुनी आहे. आधी खडूचा फळा होता. मग पेंटरने रंगवलेली पाटी आली. मग फ्लेक्स आला. यात एक फरक लक्षात घ्या. पाटी आणि फ्लेक्स एकदा केले की बदलत नाहीत. फळा रोज बदलतो. टीव्ही हा पाटीचा भाऊ नाही, फळ्याचा भाऊ आहे. ज्याला पाटी हवी आहे त्याने टीव्ही घेतला तर तो महागडी पाटी विकत घेतो आणि वर विजेचं बिल भरतो.

चार लोकांनी मिळून बघायचा टीव्ही ही काही नवी कल्पना नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात आपल्या देशात ‘साइट’ नावाचा मोठा प्रयोग झाला. अमेरिकेच्या नासाचा एटीएस-६ हा उपग्रह वापरून इस्रोने सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत सार्वजनिक टीव्ही चालवले. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण आपल्या शेजारचा कर्नाटकातला गुलबर्गा भाग होता. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या मोठ्या छत्र्या गावात उभ्या केल्या होत्या. शेती, आरोग्य, मुलांचं शिक्षण असे कार्यक्रम होते, आणि ते त्या त्या भागाच्या भाषेत, कन्नड, तेलुगू, हिंदी, ओडियात बनवले होते. आजच्या दुकानदारानेही यातून एवढं घ्यावं: संच बसवणं हे अर्धं काम झालं. समोर उभ्या माणसाच्या भाषेतली आणि त्याच्या कामाची गोष्ट त्यावर रोज दिसणं, हे उरलेलं अर्धं.

कोणाला लागतो, कोणाला लागत नाही

टीव्ही घ्यायच्या आधी स्वतःला तीन प्रश्न विचारा.

पहिला, तुमच्याकडं रोज किंवा तासातासाला बदलणारी काही माहिती आहे का? दुसरा, गिऱ्हाईक तुमच्याकडं दोन मिनिटं तरी थांबतं का? तिसरा, ती माहिती बदलणारा माणूस दुकानात आहे का, आणि त्याला ते जमतं का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तरच पुढं जा.

उदाहरणं घेऊ. निलंगा राईसची गाडी घ्या. आपल्या गावाच्या नावाचा हा भात लातूरच्या गाड्यांवरही विकला जातो. गाडीवर पदार्थ एकच, भाव एकच, आणि वासच एवढा सुटतो की जाहिरात वेगळी लागत नाही. इथं टीव्ही कशाला? चांगली रंगवलेली पाटी पुरे. उलट खानावळीचं बघा. आज भाजी कुठली, थाळी संपली का, चपाती की भाकरी, हे रोज बदलतं. तिथं फळाही चालतो, टीव्हीही चालतो. गर्दी मोठी असेल तर टीव्ही सोयीचा.

सराफाचं दुकान: सोन्याचा भाव रोज बदलतो, गिऱ्हाईक बसून असतं. टीव्ही कामाचा. दवाखाना: कितवा नंबर चालू आहे, डॉक्टर किती वाजता येणार, आज कुठली तपासणी होणार नाही. पेशंटबरोबर आलेला माणूस दर पाच मिनिटांनी खिडकीशी जाऊन विचारतो, ‘आमचा नंबर कधी?’ तिथं टीव्हीने दोघांचाही त्रास कमी होतो. शिकवणी वर्ग: कुठली बॅच कुठल्या खोलीत, परीक्षा कधी. कृषी सेवा केंद्र: कुठलं बियाणं आलं, कुठलं खत शिल्लक आहे. आणि आडत, जिच्याबद्दल आपण शेवटी सविस्तर बोलणार आहोत, कारण तिथं हा विषय नुसत्या सोयीचा राहत नाही.

घरचा टीव्ही आणि धंद्याचा डिस्प्ले

बाजारात दोन प्रकार मिळतात. एक आपला घरगुती टीव्ही. दुसरा खास फलकासाठी बनवलेला, त्याला कंपन्या ‘कमर्शियल डिस्प्ले’ म्हणतात. दुसरा बराच महाग असतो. फरक कशात आहे?

पहिला फरक उजेडाचा. पडद्याचा उजेड ‘निट’ या एककात मोजतात. साधा घरगुती टीव्ही साधारण २५० ते ३५० निटचा असतो. धंद्याचा डिस्प्ले ४०० ते ७०० पर्यंत. काचेच्या खिडकीत, उन्हाकडं तोंड करून लावायचा असेल तर २,००० निटच्या वरचा लागतो. म्हणून घरगुती टीव्ही रस्त्याकडं तोंड करून लावला की दुपारी त्यात अक्षराऐवजी समोरचं दुकान दिसतं.

दुसरा फरक चालण्याच्या तासांचा. घरचा टीव्ही दिवसाला काही तास चालेल असं धरून बनवलेला असतो. धंद्याचा डिस्प्ले १६ तास किंवा २४ तास चालावा म्हणून बनवतात. तिसरा फरक वॉरंटीचा. घरगुती टीव्ही व्यापारी जागेत वापरला तर बऱ्याच कंपन्यांची वॉरंटी लागू होत नाही. हे कार्डावर बारीक अक्षरात छापलेलं असतं. दुकानदाराला तोंडी विचारू नका, कार्ड उघडून वाचा.

चौथा फरक उभा-आडवा लावण्याचा. काहींना टीव्ही उभा केला की छान दिसतो असं वाटतं. पण घरगुती संचाची उष्णता बाहेर टाकायची भोकं तो आडवा असेल या हिशेबाने पाडलेली असतात. उभा केला की आतली गरम हवा अडकते. उभाच पाहिजे असेल तर कंपनी तशी परवानगी देते का ते बघा.

मग घरचा टीव्ही वापरूच नये का? तसं नाही. सावलीतलं दुकान, दिवसाला दहा-बारा तास, आडवा संच, आत बसलेलं गिऱ्हाईक, एवढं असेल तर घरचा टीव्ही काम निभावतो. निलंग्यासारख्या गावात बहुतेकांची गरज एवढीच असते. फक्त ओएलईडी प्रकारचा संच फलकासाठी घेऊ नका. एकच चित्र महिनोन्‌महिने तिथंच राहिलं की त्याचा डाग पडद्यावर कायमचा बसतो. साध्या एलईडी टीव्हीला हा त्रास कमी.

एक व्यवहाराची गोष्ट. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. तुमचं दुकान नोंदणीकृत असेल तर बिल दुकानाच्या नावाने, नंबर टाकून घ्या आणि आपल्या कर सल्लागाराला दाखवा.

कुठं लावायचा

आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. बहुतेक घरगुती संच ४० अंशांपर्यंतच्या हवेत चालण्यासाठी बनवलेले असतात. एप्रिल-मे महिन्यात बाहेर पारा चाळीशी ओलांडतो, तेव्हा पत्र्याच्या शेडखाली छताजवळची हवा त्याहून गरम असते. म्हणून पत्र्याला चिकटून टीव्ही लावू नका. खाली घ्या, भिंतीपासून चार बोटं पुढं घ्या, वर-खाली हवेला वाट ठेवा. हॉटेलात भट्टीच्या किंवा कढईच्या समोर नको. तेलाची वाफ आणि धूळ मिळून आत जो थर बसतो तो ब्रशनेसुद्धा निघत नाही. आडतीवर सोयाबीनचा भुसा उडतो, तिथं महिन्यातून एकदा संच बंद करून मागची भोकं कोरड्या ब्रशने साफ करा.

उंची अशी ठेवा की उभ्या माणसाची मान ताणली जाणार नाही, पण पोराचा हातही पोचणार नाही. समोर खिडकी, दार किंवा ट्यूबलाइट नको, नाहीतर तिचंच प्रतिबिंब दिसतं. लावण्याआधी दुपारी बारा वाजता, गिऱ्हाईक जिथं उभं राहतं तिथं स्वतः उभं राहून बघा. संध्याकाळी बघून जागा ठरवू नका.

विजेचं सांगायचं तर अर्थिंग नीट असू द्या, स्टॅबिलायझर लावा, आणि विजा कडाडायला लागल्या की प्लग आणि केबल दोन्ही काढा. नुसतं रिमोटने बंद करून भागत नाही.

अक्षर केवढं हवं

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते इथं. पडदा मोठा घेतात आणि त्यावर एवढं बारीक लिहितात की ते फक्त लिहिणाऱ्यालाच वाचता येतं.

फलक लिहिणाऱ्यांचा एक जुना ठोकताळा आहे: दर दहा फुटांना एक इंच उंचीचं अक्षर. गिऱ्हाईक दहा फुटांवर असेल तर अक्षर एक इंच, वीस फुटांवर असेल तर दोन इंच. आता ४३ इंची टीव्ही घ्या. ४३ इंच हे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं तिरपं माप. त्याची प्रत्यक्ष उंची साधारण २१ इंच आणि रुंदी साडेसदतीस इंच असते. आपल्या देवनागरीला वर वेलांटी आणि मात्रा लागते, खाली उकार आणि ऋकार लागतो. म्हणून अक्षराच्या उंचीइतकीच जागा ओळींमध्ये मोकळी सोडावी लागते. दोन इंचांच्या अक्षराला चार इंचांची ओळ. २१ इंचात अशा ओळी बसतात पाच. झालं! वीस फुटांवरच्या माणसासाठी तुमच्या पडद्यावर पाचच ओळी मावतात. सहावी ओळ टाकायची असेल तर दुसरं पान करा.

संगणकावर जो अक्षराचा आकडा दिसतो त्याच्यावर विसंबू नका. पान टीव्हीवर लावा आणि पट्टी घेऊन पडद्यावरचं अक्षर मोजा. पाठीमागचा रंग गडद ठेवा, अक्षर पांढरं किंवा पिवळं. काळ्यावर लाल अक्षर लांबून दिसत नाही. मागे देवाचा, पुढाऱ्याचा, शेतातला फोटो टाकून त्यावर अक्षरं लिहू नका. भाव कुठं आणि कणीस कुठं हे कळत नाही.

एक पान किती वेळ ठेवायचं? ते पान सावकाश, मोठ्याने दोनदा वाचा. जेवढा वेळ लागेल तेवढा. पाच ओळींना साधारण पंधरा सेकंद. सहा पानं असली तर एक फेरी दीड मिनिटाची झाली. गिऱ्हाईक दोन मिनिटं थांबत असेल तर त्याने सगळं एकदा बघितलं. वीस पानं टाकली तर त्याला हवं ते पान येईपर्यंत तो निघून गेलेला असतो. रस्त्याने मोटरसायकलवर जाणाऱ्यासाठी लिहायचं असेल तर एकच ओळ, तीन-चार शब्द.

आणि आकडे. औराद शहाजानीच्या बाजारात सीमेपलीकडची माणसंही येतात. कुणी मराठी वाचतं, कुणी कन्नड, कुणी उर्दू. तिथं शब्द कमी आणि आकडा मोठा, हा नियम पाळा. आकडे मराठी लिहा नाहीतर इंग्रजी लिहा, पण एकाच पडद्यावर दोन्हींची सरमिसळ करू नका. मराठी एक आणि नऊ लांबून सारखे दिसू शकतात, म्हणून ठळक टाइप घ्या.

माहिती पडद्यावर कशी न्यायची

सगळ्यात स्वस्त रस्ता पेन ड्राइव्हचा. मोबाइलवर किंवा संगणकावर आडवं पान बनवायचं, १,९२० बाय १,०८० या मापाचं, ते चित्र म्हणून जतन करायचं, पेन ड्राइव्हवर टाकायचं आणि टीव्हीच्या मागे लावायचा. टीव्हीत चित्रं एकामागून एक दाखवायची सोय असते. त्यात पंधरा सेकंद आणि ‘पुन्हा पुन्हा’ असं ठरवून द्यायचं. लिखाण चित्र म्हणूनच जतन करा, कारण जुन्या पद्धतीच्या मराठी टाइपात केलेली फाइल दुसऱ्या यंत्रावर उघडली की अक्षरांचा चिवडा होतो. चित्र केलं की तो प्रश्न मिटला.

दुसरा रस्ता, अँड्रॉइड टीव्ही किंवा त्याला जोडायची छोटी पेटी, आणि इंटरनेटवरून पान बदलणं. दोन-तीन शाखा असतील, किंवा भाव दिवसातून चार वेळा बदलत असतील तर हे बरं. पण यात नेट गेलं तर काय दिसणार, हे आधी बघून घ्या. नेट गेल्यावर पडदा काळा होत असेल किंवा चूक झाल्याचा संदेश येत असेल तर ती सोय आपल्या उपयोगाची नाही. शेवटचं पान यंत्रातच साठवून ठेवणारी सोय घ्या.

आता आपल्या गावासाठी सगळ्यात महत्त्वाची चाचणी. टीव्ही विकत घेताना दुकानातच त्याला पेन ड्राइव्ह लावायला सांगा. चित्रं चालू करा. मग भिंतीवरचं बटण बंद करा आणि मिनिटाने पुन्हा चालू करा. लाईट आल्यावर टीव्ही आपोआप सुरू झाला का? चित्रं आपोआप चालू झाली का? नाही झाली तर लाईट गेली की दर वेळी कुणीतरी स्टुलावर चढून रिमोट दाबायला हवा. पहिला आठवडा दाबतात. मग कंटाळतात. भिंतीवर जे बंद संच दिसतात त्यातले कितीतरी याच कारणाने बंद असतात. ही चाचणी फुकट आहे, ती केल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणखी तीन बारीक गोष्टी. काही टीव्ही चार तास रिमोट दाबला नाही की आपोआप बंद होतात. ती सेटिंग काढून टाका. वीज बचतीची सेटिंग चालू असेल तर पडदा अंधुक होतो. दिवसा ती बंद ठेवा. आणि दुकानाच्या वायफायवर गिऱ्हाइकांना घेत असाल तर टीव्हीसाठी वेगळं जाळं ठेवा, नाहीतर कुणाच्याही मोबाइलवरचं चित्र तुमच्या भिंतीवर दिसू शकतं. दवाखान्यात तसं झालं तर तोंड लपवायला जागा राहत नाही.

वीज किती लागते? ४३ इंची संच साधारण ८० वॅट घेतो असं धरा. बारा तासांत जवळजवळ एक युनिट, महिन्याला तीस. दुकानाच्या मीटरला युनिटमागे सगळं मिळून बारा रुपये पडतात असं समजलं तर महिन्याचे ३६० रुपये. आपला खरा दर बिलावर बघा आणि हिशेब करा. एवढ्या पैशात खडूची किती खोकी येतात हाही हिशेब करा, आणि मग ठरवा.

कायद्याच्या चार गोष्टी

दुकानाचा नामफलक मराठीत, देवनागरीत असला पाहिजे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर हा नियम दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही लागू झाला, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाट्या बदलायला दोन महिन्यांची मुदत दिली होती. टीव्हीवर नाव फिरतं म्हणून पाटी काढून टाकू नका. लाईट गेली की नावही गेलं.

सोनोग्राफी केंद्रात गर्भलिंग निदान केलं जात नाही हे सांगणारा फलक कायम दिसला पाहिजे. तो फिरत्या पानांत टाकू नका. त्याची पाटी वेगळी, पक्की ठेवा. मेडिकल आणि आयुर्वेदिक दुकानदारांनी १९५४ चा जादूटोणावजा औषधांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा लक्षात ठेवावा. मधुमेह कायमचा बरा करतो, असं फ्लेक्सवर लिहिणं जसं चालत नाही तसंच टीव्हीवर लिहिणंही चालत नाही.

घरची डिश किंवा केबलची जोडणी घरासाठी असते. दुकानात गिऱ्हाइकांना क्रिकेटचा सामना दाखवायचा तर वर्गणीच्या अटी वेगळ्या असतात. केबलवाल्याला विचारून घ्या. सिनेमाची गाणी धंद्याच्या जागी वाजवायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे परवाना लागतो. माहितीचा फलक मुका असला तरी चालतो, किंबहुना मुकाच बरा.

आडतीवरचा टीव्ही

आता ज्यासाठी हा विषय घेतला तिकडं येऊ. कासारशिरसीकडचा एखादा शेतकरी पंधरा कट्टे सोयाबीन टेम्पोत घालून येतो. टेम्पोचं भाडं लागलेलं असतं, हमाली लागणार असते, घरी कुणाची फी भरायची असते. तो आडतीवर उतरतो आणि पहिलं वर बघतो: आज भाव काय? त्या पडद्यावर परवाचा भाव असेल तर काय होतं? भाव चढा दिसला म्हणून तो माल उतरवतो आणि सौद्यात खाली पडला की म्हणतो, फसवलं. किंवा भाव उतरलेला दिसला म्हणून टेम्पो वळवून परत नेतो आणि दुहेरी भाडं भरतो. शिळा भाव दाखवणारा पडदा बंद पडद्यापेक्षा वाईट. बंद पडदा खोटं तरी बोलत नाही.

म्हणून आडतीच्या पानावर पहिली ओळ तारीख आणि वेळ. ‘भाव दुपारी १ वाजेपर्यंतचे’, असं स्पष्ट. मग बाजार समित्यांच्या दरपत्रकात असतात तसे चार आकडे: आवक किती, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. बरेच जण फक्त जास्तीत जास्त दर मोठ्या अक्षरात टाकतात. समजा कमीत कमी ३,९००, जास्तीत जास्त ४,४००, आणि सर्वसाधारण ४,२०० आहे. ४,४०० हा एखाद्या कोरड्या, स्वच्छ, पिवळ्याधमक लॉटचा भाव असतो. तोच एकटा दाखवला तर दहातल्या नऊ जणांना घरी जाताना लुटल्यासारखं वाटतं. सर्वसाधारण दर सगळ्यात मोठ्या अक्षरात, बाकीचे दोन त्याच्या शेजारी लहान, हे खरं लिखाण.

दुसऱ्या पानावर हमीभाव. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ च्या हंगामात क्विंटलला ४,८९२ रुपये होता, २०२५-२६ साठी तो ५,३२८ झाला. २०२४ च्या दिवाळीच्या सुमाराला बाजारात सौदे हमीभावाच्या बरेच खाली होत होते. अशा वेळी शेतकऱ्याला दोन्ही आकडे एकाच जागी दिसले पाहिजेत, म्हणजे आज विकायचं, सरकारी खरेदी केंद्रावर नोंदणी करायची, की माल थांबवायचा हे तो स्वतः ठरवू शकतो. तिसऱ्या पानावर ओलावा. सरकारी खरेदीला १२ टक्क्यांची अट असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने त्या हंगामापुरती १५ टक्क्यांपर्यंत सवलत दिली होती. ही अट ज्याला घरीच कळते तो माल वाळवून आणतो. ज्याला काट्यावर कळते त्याचा फेरा वाया जातो.

असं पान रोज लिहायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं कुणाची, हे टीव्ही घ्यायच्या आधी नाव घेऊन ठरवा. ‘पोरगं करील’ असं नाही. मुनीम करणार का, मुलगी करणार का, तुम्ही स्वतः करणार का. तो माणूस सुट्टीवर गेला तर दुसरं नाव. आणि एक पान आधीच तयार ठेवा: ‘आजचे भाव अजून आले नाहीत.’ भाव आले नसतील त्या दिवशी ते लावा. त्या पानाने जेवढा विश्वास वाढतो तेवढा कुठल्याही जाहिरातीने वाढत नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न: घरात जुना टीव्ही पडून आहे. तो लावला तर?

उत्तर: जरूर लावा. खरं तर सुरुवात जुन्यापासूनच करावी. तीन महिने त्यावर रोज पान बदललं गेलं तर नवा घ्या. नाही बदललं तर तुमचे तीस हजार वाचले. फक्त त्याला पेन ड्राइव्हची जागा आहे का, आणि लाईट आल्यावर तो स्वतः सुरू होतो का, तेवढं बघा.

प्रश्न: आमच्याकडं येणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांना वाचता येत नाही. त्यांना टीव्हीचा काय उपयोग?

उत्तर: आकडा ओळखणारे बरेच असतात, म्हणून आकडा मोठा ठेवायचा. पिकाच्या नावाशेजारी पिकाचं चित्र टाका. सोयाबीन, तूर, हरभरा चित्रावरून कळतात. दवाखान्यात नंबर दाखवताना तो तोंडीही पुकारा. आणि टीव्ही लावला म्हणून विचारणाऱ्याला ‘वर बघा की’ म्हणून झिडकारू नका. टीव्हीमुळे दहा जणांचं विचारणं वाचतं ते अकराव्याशी नीट बोलता यावं म्हणून.

प्रश्न: शेजारच्या दुकानदारांच्या जाहिराती घेऊन चार पैसे मिळवता येतील का?

उत्तर: येतील, पण तीन पानं तुमच्या माहितीची असतील तर एक जाहिरातीचं, यापेक्षा जास्त नको. भाव बघायला आलेल्या माणसाला आधी चार जाहिराती बघाव्या लागल्या तर तो मान वर करणंच सोडून देतो.

प्रश्न: आम्ही आडतीवाले आहोत. भाव असा उघडा लावला तर शेजारचा त्यावर दहा रुपये चढवून माल ओढून नेईल. मग आम्ही का लावावा?

उत्तर: प्रश्न बरोबर आहे आणि तो सगळ्यांच्या मनात असतो. पण आज भाव लपून राहतो का? शेतकऱ्याच्या खिशात मोबाइल आहे. लातूरचा, उदगीरचा भाव त्याला टेम्पोत बसल्या बसल्या कळतो. त्याला कळत नाही ते एवढंच, की तुमच्याकडं त्याच्या मालाला तेवढा का मिळाला नाही. ते तुम्ही पडद्यावर सांगू शकता: ओलावा किती धरला, माती-काडी किती धरली, हमाली-तोलाई किती. शेजाऱ्याने एखाद्या दिवशी दहा रुपये चढवले तर एखादा शेतकरी जाईल. पण पट्टी हातात पडल्यावर पडद्यावरचा आकडा आणि कागदावरचा आकडा जिथं जुळतो, तिथं तो पुढच्या हंगामात परत येतो. आणि जिथं हे दोन आकडे जुळवायची तयारी नाही, तिथं आम्ही स्वतःच सांगतो की टीव्ही घेऊ नका.